बिनसाखरेचा पेढा

परंडा, ८ ऑगस्ट २०२४

शुभांगी अक्कास श्रीदेवीचा शरणार्थ.

आधी विचारायचं ते विचारून घेते, मग हवं तर रागाव. ऑपरेशननंतर सतराव्या दिवशी उजव्या बरगडीखाली ओढ लागणं बरोबर असतं का? ताप नाही. टाके कोरडे आहेत. पण पाण्याचा घोट घेतला की आत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं होतं, आणि जरा वेळानं सुटतं. सोलापूरच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणतात नॉर्मल आहे. ते सगळ्यालाच नॉर्मल म्हणतात. तू वीस वर्षं नर्स आहेस. तू म्हणालीस तर मला पटंल.

बघ, कसलं ऑपरेशन ते लिहायचंच राहिलं. पोट लहान करायचं. बावीस जुलैला झालं. आता माझं पोट लिंबाएवढं आहे म्हणे, आणि त्याला आतडं पुढून आणून जोडलंय. एकशे एकवीस किलो झाले होते मी, अक्का. गोळ्या घेऊन, इन्सुलिन घेऊन साखर तीनशेच्या खाली येईना. मे महिन्यात अंगठ्याला चपलेचा पट्टा लागला, तर ती जखम तीन आठवडे भरली नाही. रोज सकाळी उठून मी तो अंगठा बघायचे. अव्वाचं पण अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं, आणि मी तिचीच लेक.

फोन केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, आणि ह्यांचाही. बिदरला तुझ्या दवाखान्यात केला तर पलीकडची बाई म्हणाली, सिस्टर कामात आहेत. तीन वेळा कामातच होतीस. म्हणून पत्र. पोस्टातल्या बाईनं पाकीट देताना दोनदा वर बघितलं.

सध्या मला डाळीचं पाणी, ताक आणि डब्यातली प्रोटीनची पावडर. तीही औषधाच्या छोट्या मापानं, घोट घोट, सारखं घड्याळाकडं बघत. दुकान घराच्या पुढच्याच अंगाला असल्यामुळं सकाळी भट्टी पेटली की खवा आटल्याचा वास आतल्या खोलीपर्यंत येतो. मी दार लावते आणि खालच्या फटीत ओलं फडकं दाबते. हे म्हणाले, "महिनाभर दुकान बंद ठेवू का?" मी नको म्हणाले. पेढेवाल्याचं घर आहे हे ऑपरेशनच्या आधी माहीत नव्हतं का?

लांब काही लिहू नकोस. ओढ लागणं बरोबर का नाही, एवढंच कार्डावर टाक.

श्रीदेवी

परंडा, २७ ऑगस्ट

शुभांगी अक्कास,

कार्ड आलं नाही. ओढ आपोआप कमी झाली, म्हणजे बरोबरच असावी.

आता मिक्सरमधून काढलेलं खाते. मऊ वरण, दह्यात कालवलेलं पनीर. तीन चमच्यांत पोट भरतं. चौथा घेतला की छातीत दाटतं आणि मी घाबरून उभी राहते. आत कुठं गळत तर नसंल? जोड उसवला तर? सोलापूरहून येताना त्यांनी एक कागद दिलाय, काय झालं तर लगेच यायचं त्याची यादी. मी तो देवघरात ठेवलाय आणि दिवसातून चारदा वाचते. यादीतलं एकेक मला व्हायला लागलंय असं वाटतं.

काल पलीकडच्या कस्तुराबाई बघायला आल्या. बाजेवर बसल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पोट कापून घेतलं म्हणं! आगं, तोंड आवरलं असतं तर कापायची वेळ आली नसती, व्हय का न्हाय?" मी हसले. त्या गेल्यावर मात्र रडले. तोंड आवरत नव्हतं हे खरंच आहे, पण त्यांना कसं सांगू, की मी चारचौघांत कधी दोन घासांच्या वर खाल्लंच नाही. लग्नात, बारशात सगळे म्हणायचे, श्रीदेवी किती कमी खाते. दुकानाच्या आणि घराच्या मधी जो पडदा आहे ना, त्याच्यामागं उभी राहून खायचे. उभ्यानं, घाईनं, न चावता. मोडके पेढे, परातीला चिकटलेलं, बर्फीच्या कडा. हे गल्ल्यावर असायचे, पाठमोरे.

सोलापुरात आहार बघायला मोनिका मॅडम म्हणून आहेत, वयानं लहान पण बोलायला धीट. शुद्धीवर आल्यावर मी त्यांना पहिलं काय विचारलं असंल? "गोड कधी खाता येईल?" विचारलं आणि लाजेनं तोंड भिंतीकडं केलं. त्या म्हणाल्या, "लाजू नका, सगळ्यांच्या मनात हेच असतं. तुम्ही फक्त मोठ्यानं विचारलं."

अक्का, तीन वर्षांपूर्वी अव्वाच्या मातीच्या दिवशी अंगणात सगळ्यांपुढं तू म्हणालीस ना, "अव्वाला हिनं मारलं, पेढे चारून मारलं," त्यावर मी तेव्हा काहीच बोलले नाही. आता सांगते. मी अव्वाला पेढा दोनदा दिला होता. एकदा पंचमीला, एकदा तिच्या वाढदिवसाला. दोनदाच.

श्रीदेवी

परंडा, १२ सप्टेंबर

अक्का,

पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर समजून घे.

शनिवारी गणपती बसले. त्या दिवशी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते हे तुला माहीत आहे. हे एकटेच तोलत होते, म्हणून मी पुढं जाऊन खोकी बांधायला लागले. तास-दीड तास छान गेला. किती दिवसांनी माणसांत आले होते! लोक म्हणत होते, वहिनी, वाळलात की. मग एक खव्याचा मोदक खोक्यात भरताना मोडला. मोडका मोदक गिऱ्हाइकाला कसा द्यायचा? मी तो हातात घेऊन पडद्यामागं गेले.

खाल्ला असं पण म्हणवत नाही. तो तोंडात गेला आणि संपला. चव कळलीच नाही, अक्का. सात आठवडे ज्याच्या वासानं दाराला फडकं लावत होते, त्याची चव लागायच्या आधी तो खाली उतरला होता.

वीस मिनिटांनी छाती धडधडायला लागली. मला वाटलं, गर्दीनं होतंय. मग घाम फुटला, मानेवरून, पाठीवरून, पदर भिजला. पोटात असा पीळ पडला की मी साखरेच्या पोत्याला धरून खाली बसले. डोळ्यांपुढं अंधारी. बायका ओरडल्या. ह्यांनी तराजू तसाच सोडला, मला उचलून आत आणलं. संडासात दोनदा न्यावं लागलं, दार उघडं ठेवून. मी मरते असंच वाटत होतं, आणि मरताना वाटत होतं की आता सगळ्यांना कळणार मी काय खाऊन मेले.

गावातले डॉक्टर आले, सलाईन लावली. त्यांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"काही नाही," मी म्हणाले.

हे बाजूलाच उभे होते. माझ्या बोटांना खवा लागलेला. ह्यांनी डॉक्टरांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. ओलं फडकं आणलं, माझी बोटं एकेक करून पुसली, आणि मग डॉक्टरांना म्हणाले, "मोदक खाल्लाय तिनं. अख्खा." मला वाटलं होतं आता बोलतील. तेवढंच बोलले. मग दुकानात गेले.

मोनिका मॅडमनी फोनवर सांगितलं, साखर त्या छोट्या पोटातून एकदम आतड्यात उतरते, म्हणून असं होतं, जीव जात नाही. जीव गेला नाही, पण ते पुसलेलं फडकं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून हे लिहिते.

दोनदा दिला असं मी तुला लिहिलं ते खोटं आहे. अव्वाला मी रोज पेढा देत होते.

श्रीदेवी

परंडा, ६ ऑक्टोबर

अक्का,

तू ही पत्रं वाचतेस का फाडतेस हे मला कळायला मार्ग नाही. परत आलेली नाहीत एवढं खरं. ह्या वेळी तक्रार नाही, एक गंमत लिहिते. म्हणजे गंमत लिहायला बसलेय, पण आतून धाकधूक आहेच.

मोदकाच्या प्रकारानंतर मी गोडाचं नावच टाकलं. मोनिका मॅडमकडं तपासणीला गेलो तर ह्यांनी तोंड उघडलं. मोदकाचं ते एक वाक्य सोडलं तर डॉक्टरांपुढं हे कधी बोलत नाहीत.

"मॅडम, मी तिसऱ्या पिढीचा पेढेवाला आहे. हिला चालंल असा पेढा असतो का न्हाय, तेवढं सांगा."

"असतो. पण खवा कमी करावा लागेल, दुधाची स्वतःची साखर असते त्यात. पनीर घ्या, बदामाची पूड घ्या. साखर अजिबात नाही. गूळ, खजूर, मध हेही नाही, ती साखरच. एरिथ्रिटॉल म्हणून एक मिळतं, दिसायला साखरेसारखंच."

"पाक व्हतो का त्याचा?"

मॅडम हसल्या. "ते तुम्ही मला सांगा."

पाक होत नाही, अक्का! ह्यांनी तीन दिवस त्या पांढऱ्या भुकटीशी झुंज घेतली. गरम असताना विरघळतं, गार झालं की पुन्हा खडे धरतं. पहिला पेढा दाताखाली वाळूसारखा करकरला आणि जिभेला पुदिन्याची गोळी चघळल्यासारखं गार लागलं. ह्यांनी थुंकून टाकला. दुसऱ्या दिवशी पनीर जास्त परतलं तर त्याचं रबर झालं. भट्टीपाशी एकटेच पुटपुटत होते, "ना पाक व्हतो, ना तार धरतं, ह्याला गोड म्हणायचं तरी कसं." तिसऱ्या दिवशी ती भुकटी पिठासारखी दळली, वस्त्रगाळ केली, विस्तवावर घातलीच नाही. पनीर तळहातानं लोण्यासारखं मळलं, बदामाची पूड मंद आचेवर तुपात परतून त्यात घातली, रंग येण्यापुरता चमचाभर भाजका खवा, वेलदोडा, आणि सगळ्यात शेवटी ती भुकटी. गोळी वळून वर अंगठ्यानं दाबली.

मॅडमची अट होती. जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं, एकच, तोही निम्मा, बसून, ताटलीत घेऊन, आणि सगळ्यांच्या देखत. सगळ्यांच्या देखत हे मला सगळ्यात अवघड गेलं. भर दुपारी दुकानातल्या बाकावर बसले. हे समोर. कस्तुराबाई नेमक्या तेव्हाच चहाची भुकटी मागायला आलेल्या, त्याही थांबल्या. सुपारीएवढा तुकडा तोंडात घेतला आणि मॅडमनी सांगितलं तसा चघळत राहिले.

अक्का, आधी वेलदोडा लागला. मग बदाम, मग तुपात भाजलेल्याचा तो खरपूस वास नाकातून वर आला, आणि सगळ्यात शेवटी गोड, हलकंसं. इतकी वर्षं पेढ्यांच्या घरात राहून मला पेढ्याची चव अशी एकेक करून कधी लागली नव्हती. उरलेला तुकडा मी आणखी दोनदा तोडून खाल्ला.

मग वीस मिनिटं. मी मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडं बघत बसले. हे भिंतीकडं बघत बसले. कस्तुराबाई म्हणाल्या, "काय गं, काय व्हायचं राहिलंय?" काही झालं नाही. पाऊण तास झाला तरी काही झालं नाही. ह्यांनी एकदम गल्ल्यावर डोकं टेकलं, तेव्हा कळलं की मी एकटीच घाबरलेली नव्हते.

हे सगळं छान झालं. पण त्याच संध्याकाळी मला दुसरं काहीतरी खुपायला लागलं. घरात तिसऱ्या पिढीचा पेढेवाला होता, दूध होतं, बदाम होता. अव्वासाठी हे आम्ही का केलं नाही? मी विचारलंच नाही कुणाला. विचारलं असतं तर मी काय देते ते सांगावं लागलं असतं.

आता तब्येत बरी आहे. वजन अठ्ठ्याण्णव. साखर एकशे पंधरा, इन्सुलिन बंद. अंगठा भरला. केस मात्र मुठीमुठीनं जातायत, त्याची भीती वाटते. सकाळी कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकदमच घेऊन टाकते, म्हणजे विसरायला नको.

श्रीदेवी

परंडा, २७ ऑक्टोबर

अक्का,

तुझं कार्ड आलं. "दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नकोस, दोन तासांचं अंतर ठेव. बी-बारा तपासून घे. केस सहा महिन्यांनी येतात. शुभांगी." मी ते ह्यांना वाचून दाखवलं, मग दोन वेळा स्वतः वाचलं. तीन वर्षांत तुझं अक्षर बघितलं नव्हतं. म्हणजे तू वाचतेस. सगळी वाचलीस. आता मला खरी भीती वाटायला लागली, कारण आता जे लिहीन ते कुणीतरी वाचणार आहे.

अव्वा माझ्याकडं राहायला आली तेव्हा इन्सुलिन तूच बांधून दिलंस, वही करून दिलीस, महिन्याला येऊन बघायचीस. मी वहीप्रमाणं करत होते. पण दुपारी हे जेवायला आत आले की अव्वा पडद्यापाशी येऊन उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "ओंदे ओंदु, श्रीदेवी." एकच गं, एकच. कानडीत बोलायची म्हणजे ह्यांना कळू नये. मी एक तिला द्यायचे आणि एक मी खायचे. दोघी उभ्यानं. ती माझ्याकडं बघून हसायची. आमच्या दोघींचं असं दुसरं काहीच नव्हतं, अक्का. हुशार तू होतीस, नोकरी तुला होती, अव्वा माणसांत तुझंच नाव सांगायची. पडद्यामागं ती माझी होती.

आता जे लिहिते ते ह्यांनाही माहीत नाही.

अव्वाचा सडलेला पाय कापायला सोलापूरला नेलं त्या सकाळी गाडी दारात उभी होती. तू परस्पर दवाखान्यात पोचणार होतीस. तोंडात पाणीही घालायचं नाही असं बजावलेलं होतं. अव्वा माझा हात सोडेना. म्हणाली, "पाय जाणारच हाय. ओंदे ओंदु." मी दिला. गाडीत बसायच्या आधी, पदराआड. दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लंय का?" तू कागदांवर सह्या करायला गेली होतीस. मी "नाही" म्हणाले.

चौथ्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून मला माहीत नाही, अक्का, की ती कशानं गेली. माझ्या ऑपरेशनच्या टेबलावर मला हाच प्रश्न विचारला, "काही खाल्लंय का?" आणि माझी अशी बोबडी वळली की त्यांना वाटलं मी खाल्लंय. त्यांनी थांबून पुन्हापुन्हा विचारलं. मी रडत होते, त्यांना वाटलं भुलीला घाबरते.

तू नर्स आहेस. त्या दिवशी तू तिथं होतीस, कागद बघितलेस. मला खोटी समजूत घालू नकोस. त्या पेढ्यानं अव्वा गेली का? हो असंल तर हो लिही. दिवाळीची वाट बघू नकोस, सणाचा विचार करू नकोस.

श्रीदेवी

परंडा, १५ नोव्हेंबर

अक्का,

तू फोन ठेवलास, का मी ठेवला, मला आठवत नाही. त्याला आज नऊ दिवस झाले. तू त्यानंतर सहा वेळा केलास, मी उचलला नाही. आता नंबर बंद करायची पाळी माझी आली होती, पण केला नाही. वाजू दिला.

तू काय बोललीस ते एकदा लिहून काढते, म्हणजे मी बरोबर ऐकलं का ते तुला कळंल.

तू म्हणालीस, "त्या पेढ्यानं नाही. भुलीत काही झालं असतं तर तिथंच झालं असतं, त्याच तासात. पायाचं विष आधीच रक्तात उतरलं होतं. मी रिपोर्ट बघितले होते. श्रीदेवी, ऐकतेस ना? त्यानं नाही."

मी खाली बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा मला पूर्ण श्वास आला. पुरता घेतलाही नव्हता, तेवढ्यात तू पुढचं बोललीस.

"रोजचं मला माहीत होतं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"फेब्रुवारीत आले होते तेव्हाच उशीच्या खोळीत पेढ्याचे कागद सापडले. अव्वानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, तिला बोलू नकोस, ती देते म्हणून मला जगावंसं वाटतं. मी इन्सुलिन वाढवून दिलं आणि गप्प बसले. नऊ महिने गप्प बसले."

"मग मातीच्या दिवशी?" मी विचारलं.

मग म्हणालीस, "तिथं कुणीतरी म्हणालं, पोरगी नर्स असून हिला कसं कळलं नाही. माझ्या तोंडातून तुझं नाव गेलं."

एवढंच झालं बोलणं. बरोबर आहे ना?

पहिले चार दिवस मी धड खाल्लं नाही. भीतीनं नाही, रागानं. अंगणातल्या त्या वाक्यानंतर मी माणसांत जायचं सोडलं. अव्वाच्या माहेरच्यांनी मला आलूरच्या लग्नाला बोलावलं नाही. पडद्यामागं मी दोन पेढे खायचे ते सहा खायला लागले. एकशे एकवीस किलोतले किती किलो त्या एका वाक्याचे होते, असं मी ह्यांना विचारलं. आता ह्यांना सगळं सांगितलंय, गाडीच्या वेळचंही. ते लई वेळ खवा हलवत राहिले, मग म्हणाले, "वाक्य तिचं होतं. हात तुझा होता. दोन्ही खरं." मला ह्यांचाही राग आला. दुसऱ्या दिवशी गेला.

पाचव्या दिवशी भूक लागली. वाटीभर वरण खाल्लं, पनीर खाल्लं, आणि अर्ध्या तासानं बाकावर बसून एक अख्खा पेढा, बिनसाखरेचा. चवीत काही फरक पडला नव्हता. राग आला असताना काही चांगलं लागतं हे मला माहीत नव्हतं. आजवर राग आला की मी खायचे ते चव लागण्यासाठी कुठं खात होते?

येत्या गुरुवारी, एकवीस तारखेला, अव्वाचं पुण्यस्मरण आहे. स्वामी येतील, पाहुणे फारसे नाहीत. गेल्या दोन्ही वर्षी मी तुला कळवलं नाही, तू विचारलं नाहीस. ह्या वेळी कळवते. बिदरहून सकाळच्या गाडीनं निघालीस तर सोलापूरला उतरून बार्शीमार्गे ये. हे तुला स्टँडवर घ्यायला येतील. मी येणार नाही. स्टँडवर माणसं असतात, आणि मला तुझ्यावर ओरडायचंय. तू माझ्यावर सगळ्यांपुढं ओरडलीस, मी तसं करणार नाही. आपण आतल्या खोलीत बसू, दार लावू, आणि मी ओरडीन. तुलाही ओरडायचं असंल तर ओरड. लिहून ओरडता येत नाही, मी ह्या कागदावर दोन दिवस प्रयत्न केला.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण अजून केलेलं नाही. तू मला केलंस का, तेही मला माहीत नाही. पण तू आलीच नाहीस, तर मी माफ कुणाला करू?

श्रीदेवी